बोर्ड तडतडतो, पण एमसीबी पडत नाही

घरच्या वायरिंगमधले स्पार्किंग, त्यातून लागणारी आग आणि वेळेत वीज तोडणारी उपकरणे यांविषयी आलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतले आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्याचे आहेत.

प्रश्न : गीझर चालू केला की स्विचबोर्डमधून बारीक तडतड ऐकू येते आणि खोलीतला दिवा किंचित लुकलुकतो. डीबीतला (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीतला) १६ अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) मात्र एकदाही पडलेला नाही. वायरमन म्हणतो, "एमसीबी पडत नाही ना, मग लाइन ठीक आहे." हे खरे आहे का?

उत्तर : नाही. आधी त्या लाइनचा एमसीबी खाली करा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो वर करू नका. कारण पुढे सांगतो.

एमसीबीला दोनच गोष्टी कळतात. एक, बराच वेळ जास्त करंट वाहिला तर आतली द्विधातूची पट्टी तापून वाकते. दुसरी, करंट एकदम कित्येक पट झाला तर आतले चुंबकीय कॉइल झटका देते. १६ अँपियरचा 'सी' प्रकारचा एमसीबी झटक्याने पडायला ८० ते १६० अँपियर लागतात. १८ अँपियर तर तो तासभर निमूट सोसतो. तसा सोसावाच, असे त्याचे मानक सांगते.

आता तुमचा गीझर पाहा. २ किलोवॅटचा धरला तर तो ८.७ अँपियर घेतो. सॉकेटच्या मागे स्क्रू ढिला झाला आणि वायरचे टोक सुटते-चिकटते आहे, तर तिथे जी ठिणगी पडते ती त्याच ८.७ अँपियरच्या वाटेत पडते. ठिणगीने स्वतःसाठी काही व्होल्ट खाल्ले की गीझरला तेवढे कमी मिळतात, म्हणजे करंट वाढण्याऐवजी थोडा उतरतोच. एमसीबीच्या लेखी सारे आलबेल असते आणि त्याच वेळी मिलिमीटरभर फटीत हजारो अंश सेल्सियसची आर्क, म्हणजे फटीतून वीज वाहवणारी टिकून राहिलेली ठिणगी, जळत असते. याला सिरीज आर्क म्हणतात.

ठिणगी दिसलीच पाहिजे असेही नाही. ढिल्या जोडाचा रोध नुसता ०.३ ओहम झाला, तरी ८.७ अँपियरवर त्या एका स्क्रूखाली २३ वॅट उष्णता तयार होते. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न एवढ्याच ताकदीवर कथील वितळवते. त्या उष्णतेने तांब्यावर ऑक्साइड चढते, ऑक्साइडने रोध आणखी वाढतो, उष्णता वाढते आणि जोड स्वतःलाच खात जातो. शेजारच्या पीव्हीसी वायरला कायमचे ७० अंशांपर्यंतच तापायची मुभा असते. त्यापुढे तिचे कव्हर कडक होते, तडकते आणि शेवटी कोळसा होते.

या कोळशाकडे नीट लक्ष द्या, कारण खरा धोका तिथे आहे. २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्ट असते. दोन उघड्या तारांमधल्या स्वच्छ हवेतून ठिणगी उडी मारायला साधारण तेवढे व्होल्टही पुरत नाहीत. म्हणून घरच्या वायरिंगमध्ये आर्क दोनच प्रकारे जन्मते : टेकलेली टोके एकमेकांपासून सुटताना, किंवा जळून काळ्या पडलेल्या इन्सुलेशनवरून. कोळसा वीज वाहतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये असा काळा मार्ग तयार झाला की ती पॅरलल आर्क. तिच्यात करंट मोठा असतो, पण तुटक. वायर लांब आणि बारीक असेल तर तो ७५–१०० अँपियरचे झटके देत राहतो. हे झटके १६० च्या खाली आणि थांबून थांबून येत असल्याने सी-१६ एमसीबी इथेही गाफील राहू शकतो.

वायरमनला एवढेच सांगा : एमसीबी वायर जास्त भाराने तापू नये म्हणून आहे. जोड ढिला आहे का, हे त्याला दिसत नाही.

प्रश्न : आमच्याकडे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आहे. तो स्पार्किंग पकडणार नाही का?

उत्तर : फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांत फरक पडला तरच आरसीसीबी पडतो. सिरीज आर्कमध्ये जेवढा जातो तेवढाच परत येतो. फेज-न्यूट्रल आर्कमध्येही तेच. आर्क अर्थिंगच्या वायरपर्यंत किंवा अर्थ केलेल्या लोखंडी बॉक्सपर्यंत पोचली तर तो पडेल, पण तोवर जळायचे ते बरेचसे जळून गेलेले असते. आरसीसीबी माणसाला शॉकपासून वाचवतो आणि त्यासाठी तो हवाच. आगीच्या बाबतीत त्याची मदत अर्धवट आहे.

प्रश्न : लूज कनेक्शन नेमके कुठे आहे, हे घरच्या माणसाने कसे ओळखावे?

उत्तर : कान, नाक आणि हाताची पाठ एवढ्यावर बरेच कळते. बोर्ड मात्र उघडायचा नाही.

कोणते उपकरण लावल्यावर आवाज येतो, ते आधी ठरवा (दोष कुठल्या लाइनवर आहे हे कळलेच असेल तर ती बंदच ठेवा). सिरीज आर्क भार असतानाच होते. मोठ्या भाराचे एकेक उपकरण चालू करा (गीझर, इस्त्री, हीटर) आणि प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटे थांबा. ढिला जोड थंड असताना गप्प असतो, तापून फुगला की बोलायला लागतो. घाईत तपासणी केली की 'काही सापडले नाही' असा निष्कर्ष निघतो, त्याचे कारण बहुतेकदा हेच.

घरात जुना एएम, म्हणजे मीडियम वेव्हचा, बॅटरीवर चालणारा रेडिओ असेल तर तो काढा. दोन स्टेशनांच्या मध्ये नुसती खरखर येते तिथे काटा ठेवा आणि रेडिओ भिंतीलगत बोर्डाबोर्डावरून फिरवा. आर्कमधून खूप मोठ्या पट्ट्यातल्या रेडिओलहरी निघतात, त्यामुळे दोषाच्या जागेजवळ अनियमित, फाटल्यासारखी करकर वाढते. एकसुरी गुणगुण येत असेल तर ती बहुधा डिमरची किंवा चार्जरची असते, ती सोडून द्या. एफएमवर हा प्रयोग नीट होत नाही.

मग भार बंद करून, प्लग काढून, त्याच्या पिना पाहा. एका पिनेचे टोक तपकिरी किंवा निळसर झाले असेल, पिनेच्या मुळाशी प्लास्टिक पिवळे पडून किंचित फुगले असेल, आणि दुसरी पिन लखलखीत असेल, तर दोष सॉकेटमधल्या त्याच बाजूच्या पकडीत आहे. दोन्ही पिना सारख्याच गरम असतील तर बहुधा भार जास्त आहे. तपासायला सोपी आणि फार उपयोगाची खूण आहे ही.

स्विचप्लेटवर हाताची पाठ ठेवा, पण प्लेट अखंड, कोरडी आणि घट्ट बसलेली असेल तरच. साध्या दिव्या-पंख्याच्या स्विचची प्लेट गरम लागायला काहीच कारण नाही. डिमर आणि पंख्याचा रेग्युलेटर कोमट असतात, ते चालते.

एक्स्टेंशन बोर्ड आणि त्याची वायर विसरू नका. दाराच्या फटीत चेपलेली, कपाटाच्या पायाखाली आलेली, गालिच्याखालून नेलेली वायर आतून तुटत जाते. बाहेरचे कव्हर धड दिसते आणि आत बारीक तारांपैकी दोन-चारच शिल्लक असतात. वायर हलवल्यावर दिवा लुकलुकला तर ती वायर टाकून द्या. टेप गुंडाळून ती बरी होत नाही.

यापुढचे काम वायरमनचे. त्याला इन्सुलेशन टेस्ट आणि जोडांची तपासणी अशी दोन्ही करायला सांगा. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) फेज, न्यूट्रल आणि अर्थमधले इन्सुलेशन कळते. किमान १ मेगाओहम हवे, आणि धडधाकट वायरिंग त्याच्या कित्येक पट देते. पण ढिला स्क्रू मेगरला सापडत नाही, कारण तिथे इन्सुलेशन बिघडलेले नसते, वाट खराब झालेली असते. तो शोधायला लाइनवर १० अँपियरच्या आसपास भार ठेवून प्रत्येक जोडावर व्होल्टेज ड्रॉप मोजावा लागतो. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्ट दिसतात. काहीशे दिसले तर जोड गेला. हे चालू लाइनवरचे मोजमाप आहे, शिकलेल्या माणसाशिवाय कोणी करू नये. थर्मल कॅमेरा मिळाला तर तोही अर्धा तास भार चालवल्यानंतरच धरायचा.

प्रश्न : एका बोर्डाजवळ मधूनमधून माशासारखा वास येतो. उंदीर मेला असेल म्हणून शोधले, काही नाही.

उत्तर : बोर्ड तापतोय. जुन्या धाटणीचे कडक, पांढरे-तपकिरी स्विच आणि सॉकेट बऱ्याचदा युरिया-फॉर्माल्डिहाइड प्लास्टिकचे असतात. ते तापले की त्यांतून अमाइन जातीची रसायने सुटतात आणि वास अगदी माशासारखा येतो. पीव्हीसी वायर जळते तेव्हाचा वास वेगळा, तिखट, डोळे चुरचुरवणारा. माशाचा वास म्हणजे अजून थोडा वेळ हातात आहे. ती लाइन आजच बंद ठेवा.

दुरुस्तीत काय व्हायला हवे तेही पाहून घ्या, कारण नुसता स्क्रू आवळून वायरमन निघून गेला तर महिन्याभरात वास परत येतो. मेन बंद केल्यावर दोन टोकांचा टेस्टर किंवा मल्टिमीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी, मग या बोर्डावर, मग पुन्हा चालू ठिकाणी लावून खात्री करावी. निऑनचा टेस्टर पेटला नाही म्हणून वीज नाही असे धरू नये. तापलेला सॉकेट बदलायचाच. त्याच्या पितळी पकडीची स्प्रिंग उष्णतेने मेलेली असते, ती पुन्हा घट्ट होत नाही. वायरचे काळे पडलेले टोक चकचकीत तांबे लागेपर्यंत कापायचे. वायर आखूड पडली तर योग्य कनेक्टरने जोड द्यायचा, पीळ मारून टेप नाही. बारीक तारांच्या वायरला टोकावर फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून मग स्क्रूखाली घालावी. अशा टोकाला सोल्डर लावून मग आवळायची सवय पुष्कळांना आहे. ती चुकीची आहे. सोल्डर मऊ असते, दाबाखाली हळूहळू सरकते आणि काही महिन्यांत स्क्रू आपोआप ढिला होतो. स्क्रू किती आवळायचा याचा आकडा उत्पादक न्यूटन-मीटरमध्ये देतो. टॉर्क स्क्रूड्रायव्हर असेल तर अंदाजाची गरजच उरत नाही. फार आवळलेला स्क्रूही तारा कापतो. शेवटी वायर धरून हलके ओढून पाहायची, कव्हर स्क्रूखाली अडकलेले नाही ना हेही पाहायचे.

प्रश्न : आर्क ओळखून वीज तोडणारे उपकरण मिळते म्हणतात. मिक्सर आणि व्हॅक्यूम क्लीनरमध्येही ठिणग्या उडतात, मग ते सारखे पडत नाही का?

उत्तर : त्याला एएफडीडी म्हणतात, अमेरिकेत एएफसीआय. अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९९९ च्या आवृत्तीत बेडरूमच्या सॉकेटसाठी ते १ जानेवारी २००२ पासून सक्तीचे केले. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२६०६ हे २०१३ चे. ब्रिटनच्या वायरिंग नियमांत २०२२ च्या दुरुस्तीने उंच निवासी इमारती, विद्यार्थ्यांची वसतिगृहे, वृद्ध-रुग्णांची निवासगृहे अशा ठिकाणच्या सॉकेट लाइनींना ते बंधनकारक झाले.

आत एक छोटा प्रोसेसर करंटची लहर सतत वाचत असतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. आर्क त्या क्षणी विझते आणि व्होल्टेज पुरेसे चढले की पुन्हा पेटते. त्यामुळे प्रत्येक शून्याजवळ लहरीत एक सपाट पायरी दिसते. तेवढ्यावर विसंबता येत नाही, कारण डिमरही तशीच पायरी पाडतो. म्हणून उपकरण उच्च वारंवारतेचा गोंगाटही ऐकते. खऱ्या आर्कमध्ये हा गोंगाट जळताना असतो, शून्याजवळ थांबतो, आणि प्रत्येक अर्ध्या चक्रात थोडा निराळा असतो. मिक्सरच्या कार्बन ब्रशची ठिणगी मोटरच्या फेऱ्यांशी बांधलेली, त्यामुळे नियमित असते. स्विच दाबतानाची ठिणगी क्षणात संपते. डिमरची पायरी दर वेळी तंतोतंत तीच असते. हा अनियमितपणा किती काळ टिकतो, हे मोजून निर्णय होतो.

किती वेळात वीज तोडायची, ते मानकात ठरलेले आहे. आर्कमधून २.५ अँपियर वाहत असतील तर १ सेकंदात, ५ असतील तर ०.५, १० असतील तर ०.२५ आणि १६ असतील तर ०.१५ सेकंदात. मोठ्या, तुटक पॅरलल आर्कसाठी अर्ध्या सेकंदात किती अर्धी चक्रे आर्क झाली, ते मोजतात.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. २.५ अँपियरखाली, म्हणजे सुमारे ५७५ वॅटपेक्षा कमी भारावर, आर्क पकडण्याची अट मानकात नाही. उपकरणाच्या आधी, मीटरच्या बाजूला घडणारे त्याला थांबवता येत नाही. आणि वर सांगितलेला, ठिणगीविना नुसता तापून लाल होणारा जोड त्याला बऱ्याचदा कळत नाही, कारण तिथे गोंगाटच नसतो. त्यामुळे एएफडीडी बसवला तरी जोड आवळून घेणे सुटत नाही. तरीही झोपायच्या खोल्या, लाकडी पॅनेलिंग असलेल्या भिंती आणि जुने कन्सील्ड वायरिंग यांच्या लाइनींवर तो बसवावा, असे आमचे ठाम मत आहे. त्या जागी दोष डोळ्यांना दिसत नाही आणि रात्री कोणी जागे नसते.

प्रश्न : आरसीबीओसह (आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र असलेल्या उपकरणासह) असलेला एएफडीडी बसवला आणि तो लगेच पडतो. उपकरण सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. जुन्या वायरिंगमध्ये दोन लाइनींनी एकच न्यूट्रल वापरलेला असतो. जिन्यातला दोन्हीकडून चालणारा दिवा हे नेहमीचे ठिकाण. गेलेला आणि आलेला करंट जुळत नाही, मग आरसीबीओचा भाग पाडतो. त्या लाइनचा फेज आणि त्याच लाइनचा न्यूट्रल उपकरणातून गेला पाहिजे, उसना न्यूट्रल वेगळा काढावा लागतो.

पुष्कळ एएफडीडींवर ते कशामुळे पडले हे सांगणारा दिवा असतो, आधी तो वाचा. सिरीज आर्क दाखवत असेल तर सर्व प्लग काढून वर करा आणि एकेक उपकरण लावत जा. काहीही लावलेले नसताना पॅरलल आर्क दाखवत असेल तर भिंतीतली वायर जखमी आहे. अलीकडे कुठे खिळा किंवा ड्रिल मारले, हे आठवून पाहा. मेगर लावण्याआधी एएफडीडी सुटा करायला वायरमनला आवर्जून सांगा, ५०० व्होल्टने त्यातले इलेक्ट्रॉनिक्स खराब होऊ शकते.

कारण न शोधता पुन:पुन्हा वर करू नका.

प्रश्न : एका खोलीतले दिवे मंद आणि दुसरीतले एकदम प्रखर होतात. हेही स्पार्किंगच का?

उत्तर : तीन फेजचा पुरवठा असेल तर हा न्यूट्रल सुटत चालल्याचा इशारा आहे, आणि तो घरातल्या कोणत्याही ढिल्या स्क्रूपेक्षा तातडीचा आहे. न्यूट्रल पूर्ण तुटला तर कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढू शकते. मेन स्विच ताबडतोब बंद करा आणि वीजपुरवठा करणाऱ्यांना कळवा, दोष त्यांच्या बाजूलाही असू शकतो.

प्रश्न : बोर्डातून धूर निघाला तर कोणत्या क्रमाने काय करावे?

उत्तर : त्या बोर्डावरचा स्विच बंद करायला जाऊ नका, दोष त्याच स्विचमध्ये असू शकतो. सरळ डीबीकडे जा आणि मेन स्विच पाडा. एकट्या एमसीबीने फक्त फेज तुटतो, दोन पोलचा मेन फेज-न्यूट्रल दोन्ही तोडतो. डीबीच धुमसत असेल तर तिला हात लावू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा. वीज गेल्याची खात्री होईपर्यंत पाणी नाही. कार्बन डायऑक्साइडचा किंवा एबीसी पावडरचा सिलिंडर वापरा, तोही आग बोर्डापुरती असेल आणि तुमची बाहेर जायची वाट मोकळी असेल तरच. वीज तोडल्यावर धूर थांबला तरी पाऊण तास तिथून हलू नका. प्लेटच्या मागे किंवा लाकडी पट्टीत निखारा राहतो.

प्रश्न : छतावर सोलर पॅनेल आहेत. घरातला एएफडीडी त्यांच्या वायरींनाही संरक्षण देतो का?

उत्तर : नाही. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) असते. डीसी करंट शून्यावर येतच नाही, म्हणून तिथली आर्क आपोआप विझत नाही आणि फटीवर ताणली जाऊन जळत राहते. त्यासाठी वेगळा, डीसीचा आर्क डिटेक्टर लागतो, बहुधा तो इन्व्हर्टरमध्येच असतो. त्याचे मानक आयईसी ६३०२७. आपल्या इन्व्हर्टरमध्ये तो आहे का, हे माहितीपत्रकात पाहा.

दोष बहुतेक कनेक्टरमध्ये निघतात : दोन वेगळ्या बनावटीचे नर-मादी कनेक्टर एकमेकांत बसवलेले, क्रिंप (वायरच्या टोकावर दाबून बसवलेला धातूचा जोड) अर्धवट दाबलेला, किंवा कनेक्टर छतावर पाणी साचते तिथे पडलेला. भार चालू असताना कनेक्टर कधीही ओढून काढू नका. आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद करा, मग डीसी आयसोलेटर (डीसीची वाट तोडणारा स्विच). त्यानंतरही ऊन असेपर्यंत पॅनेल ते आयसोलेटर ही वायर जिवंतच असते. म्हणून त्या तुकड्यातले कनेक्टर बदलायचे काम सूर्यास्तानंतर, व्होल्टेज मोजूनच करून घ्यावे.